दहा मिनिटं पुढचं तिकीट

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, प्रत्यक्षात मी मघापासून एका अंगावरसुद्धा स्थिर बसलेलो नाही.)

वि. वि. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर मामी म्हणाल्या बरा आहे, तुम्ही म्हणालात बरा नाही, आणि दोघं एकाच वेळी म्हणालात, त्यामुळे गुडघ्याचं स्वतःचं म्हणणं काय ते कळलं नाही. मामींचा खोकला, तुमची दुपारची झोप, वरच्या मजल्यावरच्या वकिलांशी पाण्याच्या टाकीवरून चाललेलं भांडण, सगळं होतं तिथेच आहे असं धरून चालतो. फोन न करता पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल. तुमच्याकडे फोन मामी उचलतात, उचलल्याबरोबर स्पीकरवर टाकतात, आणि मग मी बोललेलं तुम्हाला, मामींना, वकिलांना आणि जिन्यातल्या मांजराला एकदमच कळतं. हे प्रकरण तसं नाही. हे तुम्ही एकट्याने, चष्मा लावून, शक्यतो गच्चीवर जाऊन वाचायचं आहे. (गुडघा खरोखर बरा नसेल तर गच्ची राहू द्या. मामी भाजीला गेल्या की वाचा.)

आज सुट्टी आहे, तरी मी सकाळपासून घरात येरझारा घालतो आहे. खुर्ची खिडकीशी नेली, तिथे ऊन आलं म्हणून टेबलाशी आणली, टेबल डुगडुगतं म्हणून त्याच्या पायाखाली पुठ्ठा घातला, पुठ्ठा जास्त जाड झाला म्हणून आता टेबल दुसऱ्या बाजूने डुगडुगतं आहे. त्यात आतल्या खोलीतून मधूनमधून ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि माझं अक्षर ओळीबाहेर उडी मारतं. तो तुमच्या भाचेसुनेच्या कागद कापायच्या यंत्राचा आवाज. तुम्ही मागे आलात तेव्हा तिचं बाइंडिंगचं काम एका स्टुलावर आणि खळीच्या एका वाडग्यावर चालायचं. आता मागची अख्खी खोली तिची आहे, हाताखाली दोन बायका आहेत, आणि शाळांच्या वह्यांपासून वकिलांच्या जाडजूड कागदपत्रांपर्यंत सगळं तिच्याकडे शिवायला येतं. आमच्या साहेबांनीसुद्धा वडिलांचे जुने शब्दकोश तिच्याकडेच दिले आहेत आणि दर आठवड्याला फोन करून त्यांची प्रकृती विचारतात. (माझी कधी विचारत नाहीत.) ते यंत्र इतकं अवजड आहे की दारातून येईना. मग खिडकी काढली, खिडकीखालची भिंत फोडली, आणि ओंडक्यांवरून सरकवत ते आत घेतलं. नंतर घरमालकांनी ती भिंत अशी पक्की बांधून घेतली की आता यंत्र बाहेर काढायचं झालं तर आधी त्याच्या अंगावरून घर उतरवावं लागेल. सांगायचा मुद्दा असा, की ‘बदली’ हा शब्द आमच्या घरात कोणी काढत नाही. मी तर मागे एकदा दिव्याचा बल्ब बदलायचा आहे असं म्हणालो, तरी हिने कात्री खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं होतं.

आणि मामा, नेमकी तीच गोष्ट गेले काही दिवस माझ्या मानगुटीवर बसली होती.

झालं असं. आमची कंपनी दुकानातल्या वजनकाट्यांच्या पोटातले प्रोग्राम लिहिते, हे तुम्हाला ठाऊक आहे. (काटा चुकला की दुकानदाराला शिव्या बसतात, आम्ही नामानिराळे. धंदा वाईट नाही.) ते प्रोग्राम एका जुन्या सर्व्हरवर ठेवलेले असतात. सकाळी प्रत्येकाने ब्राउझरमधून जाऊन आपापलं काम उचलायचं, संध्याकाळी दुरुस्त करून परत जमा करायचं, आणि कोणी कधी काय बदललं याची प्रत्येक आवृत्ती तिथे जपून राहते. या सर्व्हरला आम्ही आजोबा म्हणतो. वय झालं आहे, पंख्याचा आवाज करतो, पण काही विसरत नाही. आजोबांची देखभाल माझ्याकडे. आजवर त्यांच्याकडे जायला पासवर्ड लागायचा, आणि तो दर महिन्याला बदलावा लागायचा, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येकाच्या कीबोर्डाखाली एक चिठ्ठी असायची आणि झाडूवाल्या बाईंना सगळ्यांचे पासवर्ड तोंडपाठ होते. मुख्य कचेरीला हे कळलं आणि त्यांनी हुकूम काढला की पासवर्ड बंद, यापुढे तिकीट.

हे तिकीट तुम्हाला समजावून सांगायला नको, कारण थिएटरच्या दारावर तिकिटं फाडण्यात तुमची अख्खी नोकरी गेली. तुम्ही कधी कोणाला नाव विचारलंत का? नाही. नाव-गाव काय ते खिडकीवरचा बघेल, तुम्ही फक्त तिकीट बघायचं. तसंच हे. मुख्य कचेरीत एक तिकीटखिडकी आहे (म्हणजे तेही एक मशीनच). सकाळी एकदाच तिच्यापाशी आपण कोण ते पटवून द्यायचं. ती तुम्हाला दिवसभराचं तिकीट देते. मग ज्या ज्या दारी जाल, मेल असो, रजेचा अर्ज असो, आजोबा असोत, तुमचा कॉम्प्युटर आपणहून त्या दाराचं तिकीट आणून दाखवतो आणि दार उघडतं. पुन्हा कोणी काही विचारत नाही. ऐकायला इतकं छान होतं की मी साहेबांना त्याच दिवशी सांगून मोकळा झालो, की आजोबा एका दुपारात तयार करतो.

यावर साहेबांनी दुसरा कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की जे जुने सर्व्हर तिकीट घेणार नाहीत ते मुख्य कचेरीत हलवले जातील. आणि त्याखाली, ज्या सहजतेने आपण चहात साखर घालतो त्या सहजतेने, लिहिलं होतं की त्यांची देखभाल करणारा कर्मचारीही त्यांच्यासोबत हलवण्यात येईल. पुढच्या आठवड्यात मुख्य कचेरीच्या तपासनीस बाई येऊन बघून जाणार होत्या. मुख्य कचेरी म्हणजे आगगाडीने आख्खा एक दिवस. आजोबांचं काय, त्यांना खोक्यात घालून नेता येतं. त्या कापायच्या यंत्राचं काय करू?

घरी मी काही बोललो नाही. एका दुपारचं काम होतं ना.

पहिल्या दुपारी आजोबांनी कोणालाच आत घेतलं नाही. ब्राउझरमध्ये जावं तर समोर तीच जुनी चौकट, पासवर्ड द्या. पासवर्ड तर कंपनीनेच बंद केलेले, द्यायचा कुठून? एकेकाने आपला जुना दिला, लग्नाआधीचा दिला, रागाच्या भरात काहीच्या काही शब्द दिले, आजोबा ढिम्म. माझ्या टेबलाभोवती कामं हातात घेतलेल्या माणसांचा हा घोळका जमला. (कामं हातात नव्हती, तीच तर तक्रार होती.) मुख्य कचेरीतल्या तिकीटखिडकीवर जो माणूस आहे त्याला मी फोन लावला. त्याचं नाव मला अजून ठाऊक नाही, आम्ही त्याला तिकीटबुवा म्हणतो. तिकीटबुवांना काहीही सांगा, ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, आमच्या बाजूने सगळं बरोबर आहे. मग फोनवर गाणं लावून निघून जातात. ते गाणं आता मला झोपेतही ऐकू येतं.

शेवटी शोध लागला की आमचे ब्राउझर तिकीट खिशातून बाहेरच काढत नव्हते. अनोळखी दारात कोणी आपलं तिकीट दाखवत नाही, तसं. हे दार आपल्यातलं आहे, इथे दाखवायला हरकत नाही, असं प्रत्येक ब्राउझरला सांगून ठेवावं लागतं. मी प्रत्येकाच्या खुर्चीवर बसून ते सांगितलं. सगळ्यांच्या खुर्च्या वेगवेगळ्या उंचीवर असतात हे मला त्या दिवशी कळलं, कंबर अजून कुरकुरते आहे. आमच्याकडे चाचणीचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, मोजकं बोलतात. त्यांच्या खुर्चीवर बसलो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, सगळ्यांची घड्याळं जुळतात ना? मी म्हटलं, बाई, आजोबांचं घड्याळ आजवर कधी मागे पडलेलं नाही. मामा, यात खोटं एक अक्षर नव्हतं, हे लक्षात ठेवा.

ब्राउझर तिकीट दाखवायला लागले तरी दार बंदच. आता तिकीटबुवा म्हणाले की तुम्ही मागता त्या नावाचं दारच आमच्या वहीत नाही. बरोबर आहे, आम्ही सगळे पत्त्यात ‘आजोबा’ लिहीत होतो आणि मुख्य कचेरीच्या वहीत त्यांचं ठिपक्याठिपक्यांचं लांबलचक सरकारी नाव होतं. तुम्हाला बेबीमावशीचं पार्सल आठवतं का? पार्सलवाला दारात उभा राहून खणखणीत आवाजात तिचं कागदोपत्री नाव विचारत होता आणि मावशीनेच त्याला, असं कोणी इथे राहत नाही, म्हणून परतवून लावलं होतं. तेच इथे. मग आजोबांना त्यांच्या पूर्ण नावाने हाक मारायची असं सगळ्यांना बजावलं. एवढ्या वर्षांची सवय, दोन जण तरी अजून चुकून आजोबाच लिहितात आणि माझ्या नावाने बोटं मोडतात.

त्यानंतर किल्लीचा घोळ. तिकिटावरचा शिक्का खरा की खोटा हे आजोबांच्या दारवानाला (तोही एक प्रोग्रामच) ओळखता यावं म्हणून मुख्य कचेरी एक गुप्त किल्ली देते, ती सर्व्हरवर ठेवायची असते. मी ती फार काळजीपूर्वक ठेवली. इतक्या काळजीपूर्वक, की ती वाचायची परवानगी फक्त मला होती, दारवानाला नव्हती. (हसू नका. तुम्ही घराच्या किल्ल्या हरवू नयेत म्हणून घरातच ठेवून दार ओढून घेतलं होतंत.) हे लक्षात यायला माझी एक आख्खी सकाळ गेली. लक्षात आल्यावर मी कोणाला न सांगता ती परवानगी दिली, खुर्चीत मागे रेललो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, आता बघा.

आता बघितलं. पासवर्डाची चौकट गेली होती. तिच्या जागी साधं एक वाक्य आलं होतं की प्रवेश नाकारला आहे.

तपासनीस बाई दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. मेल उघडत होतं, रजेचा अर्ज उघडत होता (तो मी दोनदा भरून पुसला), म्हणजे आमची तिकिटं चांगली होती. दारं सगळी उघडत होती, एक आजोबा सोडून. घरी गेलो तर ही म्हणाली, तुम्ही जेवताना उठून उभे का राहता? मी म्हटलं, पचन चांगलं होतं. तिने माझं ताट उंच टेबलावर, त्या कापायच्या यंत्राशेजारी ठेवलं, आणि मी त्या यंत्राकडे बघत, उभ्याने, एक घास चारदा चावून जेवलो. ते काळंभोर धूड तिथे असं बसलं होतं की जणू घर त्याच्यासाठी बांधलं आहे. तिने त्याच्या दांड्याला तेल घातलं आणि सांगितलं की पुढच्या वर्षी याच्या शेजारी दाबायचं यंत्र बसवायचं. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

सकाळी सगळ्यांच्या आधी कचेरीत पोहोचलो आणि सर्व्हरच्या खोलीत शिरून आजोबांना सांगितलं की जे काही होतं आहे ते सविस्तर, काही हातचं न राखता लिहून दाखव. तशी सोय असते, पण ती चालू केली की सर्व्हर इतकं बडबडतो की आपण बहुतेक बंदच ठेवतो. (मामींच्या बाबतीत तुमचं असं काही जमलं का?) मी स्वतःच्याच तिकिटाने दार ठोठावलं आणि समोर धो धो नोंदी यायला लागल्या. नाव बरोबर. शिक्का खरा. किल्ली चालते. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, की तिकिटावरची वेळ आणि दारावरचं घड्याळ यांत प्रमाणाबाहेर तफावत आहे, सबब प्रवेश नाही.

मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

तिकिटावर वेळ लिहिलेली असते हो. कोणाचं तिकीट कोणी मध्येच पळवून नंतर वापरू नये म्हणून दारवान ती वेळ आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. पाच मिनिटांचा इकडेतिकडे फरक तो चालवून घेतो, त्यापुढे नाही. आणि आजोबांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. चुकून नव्हे. मी लावलं होतं.

तुम्ही आता चष्मा काढून पुसत असाल. पुसा, पण दोष एकट्या माझ्यावर टाकू नका. तुमच्या घरात माझी कॉलेजची वर्षं गेली. खेळ सुरू व्हायच्या आधी दारावर उभं राहायला हवं म्हणून हॉलमधलं घड्याळ तुम्ही दहा मिनिटं पुढे ठेवायचात, मामी स्वयंपाकघरातलं त्याहून पुढे, आणि आजारी माणसालासुद्धा औषध घेण्याआधी वजाबाकी करावी लागायची. तुम्ही तर स्वतःच्या लग्नाला मंगल कार्यालयाचं कुलूप उघडायच्या आधी पोहोचून पायरीवर बसला होतात, असं आई अजून सांगते. हे वळण मला इतकं लागलं की माझ्या घरातलं भिंतीवरचं घड्याळही पहिल्या दिवसापासून पुढेच आहे. आणि कचेरीत काय व्हायचं, की संध्याकाळी काम जमा करायची वेळ आजोबांच्या घड्याळावर ठरते, सगळे अगदी शेवटच्या क्षणी जमा करतात, मग शेवटचा गोंधळ निस्तरता निस्तरता माझी बस चुकते. म्हणून मी आजोबांचं घड्याळ गुपचूप पुढे केलं. ते मुख्य कचेरीच्या घड्याळाकडे बघून आपोआप बरोबर व्हायचं, तेव्हा ते बघणंही बंद करून टाकलं. सगळे वेळेवर जमा करायला लागले, मला बस मिळायला लागली, कोणाचं काही बिघडलं नाही. पासवर्डाला घड्याळाशी काय देणंघेणं? ही तिकिटं आली नसती तर जन्मात कोणाला कळलं नसतं.

घड्याळ मागे घेऊन, मुख्य कचेरीकडे बघायची सोय पुन्हा चालू करून मी दार ठोठावलं. आजोबांनी कडी काढली. इतक्यात पाठीमागे चाचणीवाल्या बाई येऊन उभ्या राहिल्या. मी पडद्याच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिलो (माझी रुंदी त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडली). त्यांनी विचारलं, काय केलंत? माझ्या तोंडून निघालं, थोडी कालसुसंगती साधली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जसं आपण उतू जाणाऱ्या दुधाकडे बघतो, आणि आपल्या जागेवर निघून गेल्या.

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं आहे. तपासनीस बाई आल्या, सकाळी एकदा तिकीट घेतलं, आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि कोणी काही न विचारता सगळं भांडार त्यांच्यासमोर उघडलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनाच वाजवाव्या लागल्या. अहवालात कारण काय लिहू, असं साहेबांनी विचारलं. मी लिहून दिलं की ‘कालसुसंगतीतील सूक्ष्म दोष शोधून कायमस्वरूपी निवारण केले’. दोष कोणाचा, हे विचारण्याइतकं ते वाक्य कोणाला कळलं नाही. आजोबा जिथे होते तिथेच राहिले.

मग तू अस्वस्थ का, असं विचाराल. काही नाही, सहज. उन्हाळा आहे. मामींना नमस्कार सांगा, गुडघ्याला जपा, आणि वकिलांना टाकी एकदा धुऊ द्या, माणूस वाईट नाही.

तुमचाच,
भाचा

ता. क. – खरं तर पत्र लिहायचं कारण वर राहूनच गेलं. माझी बदली झाली आहे. आजोबा राहिले, मी जाणार. तपासनीस बाईंनी तो अहवाल मुख्य कचेरीत मोठ्याने वाचून दाखवला म्हणे. सगळ्या शाखांत या तिकिटांनी लोकांच्या नाकी नऊ आणले आहेत आणि कालसुसंगती जाणणारा दुसरा माणूस कोणाकडेच नाही. बढती आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर हात हातात घेऊन सांगितलं, आणि मी, मामा, हसून आभार मानले! नको म्हणायचं तर दोष कोणाचा होता ते सांगायला हवं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर ते माझ्याच्याने होईना. हिला अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ठरवतो, आणि रोज तिच्या हातात खळीचा ब्रश असतो. तेव्हा विनंती अशी, की पुढच्या आठवड्यात तुम्ही सहज आल्यासारखे या आणि तिला सांगा. तुमच्यावर ती रागावत नाही. मी त्या वेळी दूध आणायला जाईन.

ता. ता. क. – घड्याळाचा भाग तिला सांगू नका. बढती ही अकलेमुळेच मिळाली आहे असंच असू द्या.

ता. ता. ता. क. – हे पाकीट चिकटत नाही, हल्ली पाकिटांना गोंद म्हणून नुसता वास लावतात. सकाळी बसच्या घाईत हिच्याकडेच देऊन जातो, तिची खळ पक्की आहे. काळजी नको. दुसऱ्याचं पत्र ती कधी वाचत नाही.

—

ती. स्व. मामांना सा. न.

मामा, मी खरंच दुसऱ्याचं पत्र वाचत नाही. पण यांनी पानं वरखाली लावून, तिरकी घडी घालून पाकिटात कोंबली होती. अशी पानं माझ्या हातून पाकिटात जाणार नाहीत, आणि क्रमाने लावायची तर प्रत्येक पानाची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ बघावी लागते. बघता बघता मधलंही दिसलं.

यांच्या साहेबांचे शब्दकोश तयार झाले होतेच. ते घेऊन जा असं सांगायला मी आत्ता फोन केला आणि बोलता बोलता आजोबांचं घड्याळ कोणी पुढे लावलं होतं तेही सांगितलं. साहेब इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाले, अशा माणसाला तिकडे पाठवलं तर तो मुख्य कचेरीच दहा मिनिटं पुढे नेऊन ठेवील. बदली रद्द. तिकडे आता चाचणीवाल्या बाई जातील. त्यांनी म्हणे घड्याळांचं सुरुवातीलाच विचारलं होतं, आणि त्यांचे यजमान तिकडेच असतात, त्यामुळे त्या आनंदाने तयार होतील.

यांना हे साहेबच संध्याकाळी सांगतील. टाळ्या थोड्या परत जातील, पण सोसतील ते. मी मला काहीच ठाऊक नसल्यासारखी उंच टेबलावर ताट वाढून ठेवीन.

तुम्ही आणि मामी मात्र या. फक्त आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला हात लावू नका. यांना वाटतं ते पुढे आहे हे फक्त त्यांनाच माहीत आहे. रोज सकाळी ते बघून हे घाईघाईने बूट चढवतात, मग आठवतं, हसतात, आणि माझ्या खोलीत येऊन कागदांच्या गठ्ठ्यावर बसून माझ्याबरोबर चहा पितात. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं हा माणूस एका जागी बसतो.